ठिणगीचा मागोवा : जुनी मोटार सुरू होत नाहीं तेव्हां

पावसाळा सरून आश्विनांतलें ऊन पडूं लागलें, कीं मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतून एक ठराविक प्रसंग घडतो. चार महिने आच्छादनाखालीं झांकून ठेवलेली जुनी मोटार दसऱ्याच्या पूजेसाठीं बाहेर काढावयाची असते. घरांतील मंडळी तिला हौसेनें धुतात, पुसतात, झेंडूचा हारहि आणून ठेवतात. मग यजमान चाकापाशीं बसून किल्ली फिरवितात. स्टार्टर घरघरतो, एंजिन फिरूं लागतें, परंतु पेट घेत नाहीं. पुन्हां किल्ली, पुन्हां घरघर. आणि प्रत्येक खेपेस तो आवाज थोडा अधिक थकलेला.

अशा वेळीं सल्लागारांना तोटा नसतो. शेजारचे गृहस्थ कार्ब्युरेटर उघडावयास सांगतात. चिरंजीव नवी बॅटरी आणावी म्हणतात. नाक्यावरचा कारागीर येतो, प्लग बदलतो, कॉइल बदलतो आणि शेवटीं मान हलवून ‘एंजिन उतरवावें लागेल’ असा निर्णय देतो. त्या निर्णयाचा खर्च ऐकतांच इतके दिवस मनांत दबलेला विचार कोणी तरी बोलून दाखवितें : आतां ही गाडी भंगारांत कां देऊं नये? ज्या गाडीनें घरांतलीं लग्नें पाहिलीं, आजारी माणसांना रुग्णालयांत पोंचविलें, मुलांना प्रथम समुद्र दाखविला, तिचें भवितव्य अशा रीतीनें अर्ध्या तासांत ठरूं पाहतें. आणि पुष्कळदां दोष असतो तो केवळ एका मळलेल्या धातूच्या ठिपक्यांत.

अशीच एक गाडी दादरच्या एखाद्या घरासमोर उभी आहे अशी कल्पना करावी. गाडी आहे प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीनें इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार कुर्ल्याच्या कारखान्यांत घडविला. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें मुंबईची अनेक दशकें सेवा केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्या जातीची शेवटची टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी घरांतून मात्र ती अजूनहि जपलेली आढळते. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरचें. पुढें जें सांगावयाचें आहे तें थोड्याफार फरकानें जुन्या अँबॅसडरला किंवा मॉरिस मायनरलाहि लागू पडतें. कारण या सर्वांची ठिणगी पाडण्याची रीत एकच आहे. दादरच्या या गाडीचे मालक सत्तरी उलटलेले आजोबा आहेत, आणि त्यांच्या शेजारीं महाविद्यालयांत शिकणारी नात उभी आहे.

पेट्रोलच्या एंजिनाला चालण्यास तीन गोष्टी लागतात : हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. यांपैकीं दाब सहसा एका पावसाळ्यांत नाहींसा होत नाहीं. तो वर्षानुवर्षें हळूहळू घटतो. म्हणून काल धांवणारी गाडी आज उभी राहिली, तर संशय मिश्रणाचा किंवा ठिणगीचा घ्यावा. त्यांतहि ठिणगीची परीक्षा अधिक सोपी. तिचा मार्ग मात्र ठाऊक असला पाहिजे.

बॅटरी बारा व्होल्टांची. एवढ्याशा दाबाची वीज प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवरूनहि उडी मारूं शकत नाहीं. सिलिंडरांतल्या दाबलेल्या हवेंत तर नाहींच. तेथें पंधरा-वीस हजार व्होल्टांपर्यंत मजल मारण्याची शक्ति हाताशीं असावी लागते. बारांचे पंधरा हजार करण्याचें काम कॉइल करते. १८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें दाखवून दिलें, कीं चुंबकीय क्षेत्र बदललें म्हणजे जवळच्या तारेंत वीज उत्पन्न होते. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोंवतीं तारेचे दोन वेढे असतात : एक जाड तारेचा, कांहीं शें फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारों फेऱ्यांचा. जाड तारेंतून बॅटरीचा तीन-चार अँपिअरचा प्रवाह वाहूं लागला, कीं गाभ्यांत चुंबकत्व सांचतें. तो प्रवाह एकाएकीं तोडला, कीं तें चुंबकत्व कोसळतें आणि बारीक तारेंत प्रचंड दाबाची वीज उसळते. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं ठिणगी पडते ती प्रवाह जोडल्यानें नव्हे, तोडल्यानें.

हें तोडण्याचें काम दोन छोटे धातूचे ठोकळे करतात. गॅरेजांत त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. डिस्ट्रिब्यूटर नांवाच्या डब्यांत एक दांडा एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरत असतो; त्याच्यावरील चार उंचवटे आळीपाळीनें पॉइंटांना दूर सारतात. एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलें, तर हे पॉइंट एका मिनिटांत सहा हजार वेळां, म्हणजे सेकंदाला शंभर वेळां उघडतात आणि मिटतात. त्यांच्या बाजूस कंडेन्सर नांवाची बोटाच्या पेराएवढी नळी असते. पॉइंट उघडतांच प्रवाहाची धांव त्यांच्यामधून उडी मारूं पाहते. कंडेन्सर ती झेलतो, त्यामुळें प्रवाह झटकन तुटतो आणि पॉइंटहि जळत नाहींत. कॉइलची उसळलेली वीज जाड रबरी तारेनें डब्याच्या झांकणाच्या मधोमध येते. आंत फिरणारा रोटर ती पाळीपाळीनें चारी बाजूंच्या तारांना वाटतो, आणि त्या तारा ती प्लगांपर्यंत नेतात.

ही रचना अमेरिकन संशोधक चार्ल्स केटरिंग यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस व्यवहारांत आणली. त्याच्या कंपनीच्या लांबलचक इंग्रजी नांवाची आद्याक्षरें जोडून ‘डेल्को’ हा शब्द झाला. आपल्याकडील गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरच्या डब्याला ‘डेल्को’च म्हणतात, तें नांव एका कंपनीचें होतें, हें तो शब्द वापरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल.

आतां दोष शोधण्याची रीत. तिचा मुख्य नियम एकच : पाहिल्यावांचून कांहीं बदलूं नये, आणि एका वेळीं एकाहून अधिक गोष्टींना हात लावूं नये. ज्यानें कॉइल, प्लग आणि पॉइंट एकदमच बदलले त्याची गाडी सुरू झाली, तरी दोष कोठें होता हें त्याला कळत नाहीं. आणि ती सुरू झाली नाहीं, तर जुन्या दोषांत एखाद्या नव्या दोषाची भर पडली असण्याचाहि संभव असतो.

आरंभ कानांनीं करावा. स्टार्टर एंजिनाला जोमानें फिरवीत असेल, तर बॅटरी बहुधा ठीक आहे. तो रडत-रखडत फिरत असेल, तर प्रथम बॅटरीच्या टोकांवरील पांढरट-हिरवा क्षार खरवडून तीं घट्ट बसवावीं आणि बॅटरी भारून घ्यावी. पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. दुबळ्या बॅटरीचा सारा जीव स्टार्टरच खाऊन टाकतो आणि कॉइलच्या वांट्याला कांहीं उरत नाहीं. अशा वेळीं एंजिन फिरतें, पण ठिणगी पडत नाहीं, आणि निर्दोष कॉइलवर आळ येतो. स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक चालवूं नये, व दोन खेपांमध्यें त्याला मिनिटभर विसांवा द्यावा.

दुसरी पायरी नाकाची आणि डोळ्यांची. एक प्लग काढून पाहावा. तो ओला असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोंचत आहे, ठिणगीचा शोध घ्यावा. तो कोरडा असेल, तर आधीं पेट्रोलचा पंप व कार्ब्युरेटर यांकडे वळावें. फार वेळ चोक ओढून ठेवल्यानेंहि प्लग भिजतात. अशा वेळीं चोक आंत ढकलून पाव तास थांबणें हाच उपाय पुष्कळदां पुरतो.

तिसरी पायरी ठिणगीची. गाडी न्यूट्रलमध्यें घालून हातब्रेक ओढावा. काढलेला प्लग त्याच्या जागीं परत बसवावा, म्हणजे सिलिंडरांतील पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाहीं. मग त्याच्या तारेला एक जादा प्लग लावून त्याचें धातूचें अंग एंजिनाच्या उघड्या लोखंडावर पक्कें टेकवावें आणि दुसऱ्या माणसास स्टार्टर फिरवावयास सांगावें. प्लग हातांत धरूं नये. रबरी मुठीच्या पकडीनें धरावा किंवा तारेनें बांधून ठेवावा. जवळपास सांडलेलें पेट्रोल असूं नये, आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्यांनीं या कामापासून दूरच राहावें. तार नुसती अधांतरीं सोडून प्रयोग करूं नये. विजेला वाट न मिळाल्यास ती कॉइलच्या आंतलें आवरण फोडून वाट काढते. निळसर, ठसठशीत आणि चट्चट् असा आवाज करणारी ठिणगी निरोगी समजावी. पिंवळट, बारीक, चुकतमाकत पडणारी ठिणगी आजारी होय.

दादरच्या गाडीचा प्लग ओला निघाला. ठिणगी मात्र मुळींच दिसली नाहीं. आजोबा म्हणाले, “कॉइलच गेली असणार.”

नातीनें विचारलें, “आजोबा, गेली असणार, कीं गेली आहे?”

या एका प्रश्नावर पुढचें सारें अवलंबून असतें.

प्लगपाशीं ठिणगी नसेल, तर एक पाऊल मागें जावें. कॉइलमधून निघणारी मधली जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांतून काढून तिला तो परीक्षेचा प्लग लावावा आणि पुन्हां स्टार्टर फिरवावा. येथें ठिणगी जोरदार पडली, तर कॉइल व पॉइंट निर्दोष ठरले. चोर झांकण, रोटर किंवा प्लगच्या तारा यांत दडला आहे. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत झांकणाच्या आंत दंव धरतें, आणि त्या ओलाव्यावरून वीज भलत्याच वाटेनें निसटते. कोरड्या सुती फडक्यानें झांकण आंतून-बाहेरून पुसल्यावर कित्येक गाड्या लगेच सुरू होतात. झांकणावर पेन्सिलीनें ओढल्यासारखी काळी बारीक रेघ किंवा तडा दिसला, तर मात्र तें बदलावें. ती रेघ विजेची कायमची पायवाट असते. मध्यभागींचें कोळशाचें छोटें टोंक जागेवर आहे ना, रोटरला चीर नाहीं ना, हेंहि पाहावें. तारा काढल्या असल्यास त्या १, ३, ४, २ या क्रमानेंच, रोटर फिरतो त्या दिशेनें लावाव्यात. हा क्रम चुकला, तर ठिणगी असूनहि एंजिन खोंकतें, फटाके उडवितें, पण चालत नाहीं.

मधल्या तारेवरहि ठिणगी नसेल, तर दोष बारा व्होल्टांच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. येथें कामास येतो तो बारा व्होल्टांचा एक लहानसा दिवा. त्याची एक तार एंजिनाच्या लोखंडाला चिमट्यानें जोडावी आणि दुसरीचें टोंक कॉइलच्या दोन लहान स्क्रूंना क्रमानें लावून पाहावें. किल्ली चालू स्थितींत असावी. पहिला स्क्रू किल्लीकडून येणाऱ्या तारेचा. तेथें दिवा लागला नाहीं, तर वीज कॉइलपर्यंत पोंचतच नाहीं. किल्लीचा स्विच, सैल झालेला जोड किंवा तुटलेली तार शोधावी. तेथें दिवा लागला, तर दुसऱ्या स्क्रूकडे, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या तारेच्या स्क्रूकडे यावें आणि स्टार्टर फिरवावा. आतां दिवा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले, कीं तो लागतो. मिटले, कीं विझतो.

दिवा लुकलुकत असेल, तर पॉइंट आपलें काम करीत आहेत. मग ठिणगी नसल्याचा किंवा ती दुबळी असल्याचा आळ कंडेन्सर, कॉइल किंवा मधली जाड तार यांवर येतो. दिवा मुळींच लागला नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार त्या स्क्रूवरून सोडवावी. आतां दिवा लागला, तर कॉइल ठीक असून डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूस कोठें तरी तार लोखंडाला टेकली आहे, कंडेन्सर आंतून फुटला आहे किंवा पॉइंट उघडतच नाहींत. तरीहि लागला नाहीं, तर कॉइलच्या जाड तारेचा वेढा तुटला आहे. आणि या वेळीं ‘कॉइल गेली’ हें विधान खरें ठरतें. उलट दिवा एकसारखा लागून राहिला, कधींच विझला नाहीं, तर त्याचा अर्थ पॉइंट एकमेकांना नीट भेटतच नाहींत.

दादरच्या गाडीचा दिवा दुसऱ्या स्क्रूवर एकसारखा जळत राहिला. झांकण काढून पाहिलें, तों पॉइंट मिटलेले दिसत होते. परंतु त्यांच्या तोंडांवर राखाडी रंगाची पुसटशी साय धरली होती. पॉइंट टंग्स्टन धातूचे असतात. दमट हवेंत गाडी महिनेंच्या महिने उभी राहिली, कीं त्या धातूवर गंजासारखा अतिशय पातळ थर चढतो. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण बारा व्होल्टांना तो भिंतीसारखा आडवा येतो. दीर्घ विश्रांतीनंतर रुसलेल्या गाड्यांत हा दोष फार वेळां आढळतो.

त्यावरचा उपायहि तितकाच साधा. किल्ली बंद करून पॉइंटांच्या मधून बारीक कानस एक-दोन वेळां हलकेच फिरवावी, नंतर स्पिरिटांत भिजविलेली कागदाची पट्टी ओढून धूळ व तेलकटपणा काढून टाकावा. मग पॉइंट पूर्ण उघडलेल्या स्थितींत आणून त्यांच्यामधील फट मापकाच्या पत्र्यानें मोजावी. ती सामान्यतः ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. नेमकें माप गाडीच्या पुस्तकांतून घ्यावें. पॉइंटाची टांच उंचवट्यावर घांसून झिजते, त्यामुळें ही फट हळूहळू कमी होते आणि ठिणगीची वेळ मागें पडते. म्हणून ती अधूनमधून पाहावी. पॉइंटांवर खोल खड्डे व उंचवटे पडले असतील, तर ते घांसत बसण्यापेक्षां नवीन घालावेत. आणि नवे पॉइंटहि लवकरच जळूं लागले, तर कंडेन्सर तपासावा.

एक चूक मात्र या खटाटोपांत हटकून होते. पॉइंट मिटलेले असतांना किल्ली चालू ठेवून माणसें चहा घ्यावयास जातात. कॉइलमधून प्रवाह अखंड वाहत राहतो, ती तापते आणि प्रसंगीं जळते. दोष शोधतां शोधतां नवा दोष निर्माण करण्याची ही हमखास रीत होय. तसेंच थंड असतांना नीट चालणारी आणि तापल्यावर बंद पडून तासाभरानें पुन्हां सुरू होणारी गाडी असेल, तर तपासणीहि गाडी तापलेली असतांनाच करावी. थंड गाडींत कॉइलचा किंवा कंडेन्सरचा हा लपंडाव सांपडत नाहीं.

नातीनें कागदाची पट्टी ओढली, फट मोजली, झांकण बसविलें. दिवा लावून पाहिला, तो लुकलुकूं लागला. परीक्षेच्या प्लगवर निळी ठिणगी चट्चट् करीत पडली. सर्व तारा जागच्या जागीं लावून आजोबांनीं किल्ली फिरविली, आणि चार महिन्यांचें मौन सोडून एंजिन बोलूं लागलें. यांत खर्च झाला तो कागदाच्या एका पट्टीचा आणि पाऊण तासाचा. नवी कॉइल घातली असती तरी गाडी उभीच राहिली असती, आणि मग एंजिन उतरविण्याचा निर्णय सर्वांना पटला असता.

आजच्या नव्या गाड्यांत पॉइंट राहिलेले नाहींत. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठिणगीची वेळ ठरविते, आणि बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असते. त्या रचनेंत फट मोजावी लागत नाहीं, सायहि धरत नाहीं. ही प्रगति निःसंशय स्वागतार्ह आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला, कीं पॉइंटांची भाषा जाणणारे कारागीर वर्षानुवर्षें कमी होत चालले आहेत, आणि ज्या दोषाचें निदान होत नाहीं तो दोष असाध्य मानण्याकडे कल वाढला आहे. जुन्या गाडीचा शेवट पुष्कळदां झिजेनें होत नाहीं, चुकीच्या निदानानें होतो.

म्हणून जुनी मोटार जपणाऱ्या घरानें आपल्या अवजारांच्या पेटींत तीन वस्तू अवश्य ठेवाव्यात : एक जादा प्लग, बारा व्होल्टांचा एक दिवा आणि फट मोजण्याचा मापक. आणि ती पेटी कशी वापरावी हें घरांतील तरुणांपैकीं निदान एकाला तरी शिकवून ठेवावें. पुढच्या आश्विनांत गाडी पुन्हां रुसेल, तेव्हां नाक्यावरच्या कारागिराला हांक मारण्यापूर्वीं बॅटरीपासून प्लगपर्यंतची वाट एकदां पायरीपायरीनें चालून पाहावी. ठिणगी जेथें हरवली असेल तेथें ती त्या वाटेवरच सांपडेल.